खोटी टिक

स्वतःला मार्क कमी पडले याचं दुःख दुसरीला झालं, नाही असं नाही. पण ते एका रात्रीत रडून धुऊन निघालं. पहिलीला जास्त पडले, हे दुःख मात्र आठवडा झाला तरी टवटवीत होतं. सकाळी डोळे उघडले की तोंड धुवायच्या आधी ते हजर.

आणि आज शेवटचा दिवस. संध्याकाळी पाचला कोर्स निवडायची साइट बंद. पहिलीचं मेडिकल ठरल्यातच जमा होतं, नुसतं बटण दाबायचं राहिलं होतं. दुसरीचं काय करायचं, हे ठरवायला दुपारी सगळं घराणं खाली दुकानात जमणार होतं. दुसरीचं काय करायचं! जन्मल्यापासून हाच प्रश्न.

आता पहिली आणि दुसरी म्हणजे शाळेतल्या इयत्ता नव्हेत हं. या दोघी सख्ख्या चुलत बहिणी. पहिली काकांची, दुसरी बाबांची, म्हणजे दुसरीच्या नात्यानं बोलायचं तर. एकाच दवाखान्यात एकाच आठवड्यात जन्मल्या, आणि आजोबा आपल्या चष्म्याच्या दुकानातून तडक बघायला गेले ते गळ्यात भिंगाची दोरी तशीच. समोर दोन पाळण्यांत दोन गाठोडी. उभा जन्म लोकांचे डोळे तपासण्यात गेलेला, काचा बदलताना विचारायचं तेच सवयीनं तोंडातून निघालं, "पहिली बरी की दुसरी?" नर्स खो खो हसली, काका हसले, बाबा हसले, आणि झालं, बारसं उरकलं. कागदावर दोघींना चांगली ठसठशीत नावं होती, पण ती फक्त हॉलतिकिटापुरती. घरात, गल्लीत, दुकानात, पहिली आणि दुसरी.

असलं नाव घेऊन जगून बघा एकदा. पहिलीला आधी दात आले. पहिली आधी चालली. आणि सात वर्षांची असताना पहिलीला चष्मा लागला, निळ्या फ्रेमचा, काडीवर छोटी चांदणी असलेला. दुसरी आतल्या आत करपली. दुसऱ्या दिवशी ती स्वतःहून तपासणीच्या खुर्चीत चढून बसली आणि तिनं सगळी अक्षरं चुकीची वाचली. घ चा ध, म चा भ, शेवटच्या ओळीला तर नुसता हंबरडा. आजोबांनी एक काच लावली. "आता?" "आता दिसतं!" काच कसली, साधी सपाट, खिडकीला असते तशी. पण म्हातारा एक शब्द बोलला नाही. निळ्या फ्रेमचा, चांदणीवाला, बिननंबरी चष्मा त्यांनी तिला करून दिला आणि तिनं तो दोन वर्षं मिरवला, रात्री उशाशी ठेवून.

मोठी झाल्यावर पहिली म्हणाली, मी डोळ्यांची डॉक्टर होणार. दुसऱ्या दिवशी दुसरीही म्हणाली, मीपण. आणि कुणाला तो निळा चष्मा आठवला नाही.

तर हा शेवटचा दिवस म्हणजे रविवार. रविवारी दुकान अर्धाच दिवस उघडं. सकाळी शेवटचं गिऱ्हाईक म्हणून एक आई आली, तिच्या कडेवर एक रडून लाल झालेली चिमुरडी. पोरगी खुर्चीकडे बघायला तयार नाही. खुर्चीसमोर ते मशीन लटकलेलं, दोन मोठे गोल डोळे, कडेनं चकत्याच चकत्या. घरात सगळे त्याला घुबड म्हणायचे. दुसरीच्या आईनं जुन्या परकराचं एक झाकण शिवलं होतं त्याला, ते घुबडाचं टोपडं. बाबांनी चॉकलेट दाखवून पाहिलं, पोरीच्या आईनं खुळखुळा, काही उपयोग नाही.

दुसरी कोपऱ्यात तोंड पाडून बसली होती. उठली, मुकाट्यानं घुबडाला टोपडं घातलं आणि पोरीच्या कानाशी गेली. "शूऽऽ. झोपलंय ते. दिवसा झोपतं. उठवू या का हळूच? पण त्याला अक्षरं येत नाहीत हं, तुला वाचून दाखवावी लागतील."

पोरीनं नाक पुसलं. "येत नाहीत?"

"एकपण नाही. ढ आहे."

पोरगी चढली की खुर्चीत! आणि मग दुसरी अशी काही रंगली म्हणता, चकती फिरव, काच लाव, विचार, थांब, पुन्हा विचार, पोरीची मान सरळ कर, घुबडाच्या आवाजात शाबासकी दे. नंबर नीट निघाला, तिनं तो बाबांना सांगितला, बाबांनी स्वतः तपासून मान हलवली. पोरगी जाताना घुबडाला टाटा करून गेली. आणि काचा पुसता पुसता दुसरीच्या एकदम लक्षात आलं, की गेला अर्धा तास तिला पहिली आठवलीच नव्हती. लक्षात आलं म्हणजे आठवलीच परत. पुन्हा पोटात तेच ते.

दुपारी शटर अर्धं ओढून सगळे मागच्या तपासणीच्या खोलीत बसले. ही खोली लांबलचक आणि अरुंद, एका टोकाला खुर्ची, दुसऱ्या टोकाला भिंतभर आरसा. खुर्चीच्या डोक्यावर अक्षरांचा उलटा तक्ता, तो आरशात सुलटा दिसतो. खुर्चीत आजोबा, कारण त्यांच्या कंबरेला तेवढी एकच खुर्ची मानवायची. बाकीचे स्टुलांवर आणि खोक्यांवर. दुसरी मुद्दाम आरशाकडे तोंड करून बसली. म्हणजे कुणाकडे बघावं लागत नाही आणि सगळ्यांची तोंडं मात्र दिसतात.

काकूनं आल्या आल्या मिठाईचा खोका उघडला. "घ्या ताई, दोन घ्या. या वर्षी काय, आमचंच गोड खायचंय तुम्हाला."

"मी गोड सोडलंय गं," आई म्हणाली. "तूच खा. तुझी धावपळ फार होत असेल ना आता, दारोदार सांगत फिरायची."

काकूचं हसू तिथंच आटलं, खोका आजोबांच्या मांडीवर गेला. आजोबांनी दोन तुकडे उचलले, त्यांना साखर खायला बंदी होती हे दोन्ही सुनांच्या लक्षात आलं नाही.

पहिली दारापाशी खोक्यावर बसली होती, मोबाइलमध्ये डोकं घालून. निकाल लागल्यापासून दोघी एकमेकींशी बोलल्या नव्हत्या. म्हणजे पहिलीनं फोन केले होते. दुसरीनं उचलले नव्हते.

"चर्चा कसली करायची त्यात?" बाबांनी सुरुवात केली. "ती रिपीट करणार. पुढच्या वर्षी परत बसेल. क्लासवाल्यांशी बोलणं झालंय माझं."

"माझ्याशी नाही झालं," आई म्हणाली.

"दादा, मी मधे बोलतोय म्हणून रागावू नकोस," काका म्हणाले. काकांचं हे वाक्य म्हणजे आधी स्पिरिटचा बोळा, मग सुई. औषधाच्या कंपनीत जन्म काढलेला माणूस. "पण एक वर्ष घालवायचं, आणि परत तेच झालं तर? पोरगी खचेल. त्यापेक्षा ऑप्टोमेट्री घेऊ दे. डोळे तपासायचा, नंबर काढायचा चांगला चार वर्षांचा डिग्री कोर्स आहे. तिचे मार्क आरामात बसतायत. अरे, सोन्यासारखी लाइन आहे! दुकान तयार, गिऱ्हाईक तयार. उद्या आमची पहिली डॉक्टर झाली की तिच्याकडचे पेशंट चष्म्यासाठी दुसरीकडे. घरचं घरात."

पहिलीकडचे पेशंट दुसरीकडे. दुसरीनं आरशात स्वतःचा चेहरा लाल होताना पाहिला. पहिलीकडची पुस्तकं दुसरीकडे, पहिलीकडची सायकल दुसरीकडे, पहिलीला आखूड झालेला कोट दुसरीला. आता पेशंटपण उतरलेलेच घालायचे!

"हो ना," काकूनं हातभार लावला, "आणि हिला गिऱ्हाइकांशी बोलायचं अंग आहेच. प्रत्येकाला काही ना काही दिलेलं असतं."

"तुला जीभ दिलीये तसं," असं आई पुटपुटली, पण तेवढ्यात बाबाच भडकले.

"म्हणजे तुझी मुलगी डॉक्टर आणि माझी तिच्या दाराशी चष्मे विकणार! परत तेच! तू टाय लावून गावोगाव फिरलास तेव्हा इथं काचा कोण घासत होतं? मला मार्क नव्हते? तुझ्यापेक्षा जास्त होते! पण अण्णा म्हणाले, थोरला दुकानात बसेल. बसलो."

"अण्णा म्हणाले थोरला बसेल," काका सावकाश म्हणाले, आणि त्यांचा तो कंपनीचा गुळगुळीत आवाज एकाएकी कुठं गेला कुणास ठाऊक. "धाकट्याला बसायचंय का, हे विचारलं का कुणी? दादा, तू शाळेतून आलास की या खुर्चीवर दप्तर फेकायचास. मी ती पुसायचो. माहितीये तुला?"

दुकानाच्या पाटीवर कुणाचं नाव, यावरून मागे झालेल्या भांडणात दोघांनी एकमेकांचं काय काय काढलं होतं, पण हे नव्हतं काढलं. आजोबा, म्हणजे हेच अण्णा, मिठाई चघळत राहिले, त्यांना कमी ऐकू यायचं तेव्हा ते फार सोयीनं यायचं.

"दुसरे, तू बोल ना गं," आई म्हणाली. "तुला काय करायचंय?"

सगळी तोंडं आरशात तिच्याकडे वळली. आणि गंमत म्हणजे दुसरीला खरंच सांगता येईना. तिनं मनात पाहिलं तर तिथं पांढरा कोट होता, आणि कोटात पहिली होती. तिला त्या कोटातून पहिलीला बाहेर ओढायचं होतं, त्याच्यापुढचं काही दिसत नव्हतं.

"रिपीट," ती म्हणाली. "मी रिपीट करणार. दुकानात तर मुळीच बसणार नाही."

बाबांनी विजयानं काकांकडे पाहिलं. आणि नेमकी तेव्हाच पहिली उठली.

"मग मी बसते."

"कुठं बसतेस? आहेस की बसलेली," काकू म्हणाली.

"दुकानात. मला मेडिकल नकोय. ऑप्टोमेट्री घेते मी." पहिलीनं चष्मा काढला आणि टी-शर्टच्या टोकानं पुसायला लागली. "मोठे काका, चालेल ना तुम्हाला? दुसरीला नकोच आहे तर."

तुम्हाला सांगते, मिठाईचा खोका आजोबांच्या मांडीवरून घसरला तरी कुणी तो उचलला नाही.

"वेड लागलंय का तुला?" काका ओरडले. "मेडिकलची सीट सोडून चष्मे विकत बसणार? लोक काय म्हणतील? त्यात आहे काय!"

"भाऊजी," आई गोड आवाजात म्हणाली, "मघाशी तर सोन्यासारखी लाइन होती."

"वहिनी, ते वेगळं…"

"हो हो, वेगळंच. आमचं सोनं, तुमचं पितळ."

आणि बाबा! बाबांच्या चेहऱ्यावर असं ऊन पडलं म्हणता. "अरे, तिची इच्छा आहे तर ओरडतोस कशाला?" ते धाकट्या भावाला म्हणाले. "मी शिकवीन तिला. स्वतः शिकवीन. ये बाळा, घे ताब्यात. उद्यापासून खुर्ची तुझी." पुढच्या वर्षी दुसरी मेडिकलला आणि पहिली काउंटरला, हे चित्र त्यांना इतकं आवडलं, की दुकान भावाच्या मुलीला जातंय हेसुद्धा त्यांना जाणवलं नाही. काकू रडायला लागली. मघापर्यंत ती आणि काका एका बाजूला होते, आता ती बाबांवर, काका पहिलीवर आणि आई एकटी सगळ्यांवर.

या गदारोळात पहिली सरळ घुबडापाशी गेली. तिनं टोपडं ओढून काढलं आणि खाली टाकलं. खाली, जमिनीवर! मग चकती धरली आणि फिरवली, टिक्. वरची काच वाकडी दिसली म्हणून अंगठ्यानं दाबली, थेट काचेवर. घामट अंगठा.

दुसरीला नंतर आठवेना, आपण स्टुलावरून कधी उठलो. स्टूल पडल्याचा आवाज झाला एवढं खरं.

"हात काढ!"

"का?" पहिली म्हणाली.

"हात काढ म्हणते ना! ठसे पडतात! ते पुसायला मऊ चामडं लागतं, कुठल्याही फडक्यानं पुसलं तर चरे पडतात, ते तुला माहितीये? तू कधी पुसलंस? आजोबांचा हात थरथरायला लागल्यापासून रोज कोण पुसतं हे? तू येतेस सणासुदीच्या पाहुणीसारखी, आणि… आणि लहान मुलं घाबरतात या मशीनला, तू काय करणारेस? डॉक्टरसारखी ओरडणारेस? ही खुर्ची माझी आहे! तुला सगळं मिळालंय, मेडिकल घे, कोट घे, चुलीत घाल तो कोट, पण इथं हात नाही लावायचा!"

आरशात सहा तोंडं, सहाही उघडी.

"अगं पण," बाबा अगदी बारीक आवाजात म्हणाले, "तू आत्ताच म्हणालीस ना, मुळीच बसणार नाही म्हणून?"

आठवडाभर दुसरीला पहिलीचा हेवा वाटत होता. पण तो पोटात होता, आंबट, पचवत बसावा असा. हा आताचा हातापायांत आला होता. कुणीतरी आपल्या ताटात हात घातल्यासारखा.

तेवढ्यात खुर्चीतून खुसखुसण्याचा आवाज आला. आजोबा हसत होते. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत.

"अण्णा, हसताय काय?" काका चिडले.

"मला ऐकू कमी येतं रे," आजोबा म्हणाले. "पण टिक बरोबर ऐकू येते. आत्ता कुणीतरी दिली. चांगली दिली."

दुसरीनं पहिलीकडे पाहिलं. पहिली चष्मा पुसत होती. अजून. इतका वेळ काय पुसत होती? लहानपणी फुलदाणी फुटली तेव्हाही ती अशीच पुसत बसली होती, "मी नाही फोडली" म्हणताना. खोटं बोलताना समोरच्याचं तोंड दिसू नये म्हणून पहिली चष्मा काढते, हे जगात फक्त दुसरीला माहीत होतं.

आता ही टिक म्हणजे काय ते ऐका, नाहीतर पुढची गंमत जाईल. घुबडाची चकती फिरवली की टिक् वाजतं आणि काच बदलते. पण आजोबा कधीकधी चकती जरा पुढे न्यायचे आणि तशीच मागे आणायचे. वाजायचं तर, पण काच तीच. आणि मग साळसूद चेहऱ्यानं विचारायचं, "पहिली बरी की दुसरी?" जो घाईघाईनं म्हणेल "दुसरी, दुसरी एकदम झकास!" तो डोळ्यांनी बघतच नाहीये, नुसता दुसऱ्याच्या आवाजावर चाललाय असं समजायचं. याचं नाव खोटी टिक. आईनं सकाळचीच भाजी वर कोथिंबीर भुरभुरून रात्री वाढली की बाबा हळूच म्हणायचे, "खोटी टिक!" आणि दुसरी लहानपणी खुर्चीत बसून दर वेळी फसायची. दर वेळी.

तिनं पहिलीचं मनगट धरलं आणि तिला ओढत जिन्याखालच्या फ्रेमांच्या खोलीत नेलं. दार लावलं. चहूबाजूंनी फळ्यांवर रिकाम्या फ्रेमा, शेकडो, बिनकाचांच्या, सगळ्या दोघींकडे टक लावून.

"मेडिकल सोडत नाहीयेस तू."

"नाही."

"खोटी टिक दिलीस मला. सगळ्यांसमोर! मी काय पेशंट आहे तुझी?"

"मग काय करणार होते?" पहिलीनं चष्मा डोळ्यांवर चढवला. "आठवडाभर फोन करतेय, तू उचलत नाहीस. सरळ सांगितलं असतं, बाई गं, तुला ते मशीन आवडतं, तू ते घे, तर ऐकलं असतंस? तू म्हणाली असतीस, बघा, मला खालची लाइन देतेय."

"म्हणालेच असते! देतच होतीस!"

"बघ! तुला मी सांगून काही चालत नाही, मी घेऊन चालतं. चष्मा घेतला, चष्मा. सायकल घेतली, सायकल. बायॉलॉजी घेतलं, तेपण. तुला माहितीये, बेडूक बघून तुला चक्कर आली होती? मला वाटलं, आता तरी सोडेल. दुसऱ्या दिवशी नाकाला रुमाल बांधून हजर!"

दुसरीला हसू आलं आणि त्याचा तिला भयंकर राग आला.

"म्हणजे मला अक्कल नाही. म्हणजे आत्तासुद्धा मला दुकान हवंय ते तू घेतलंस म्हणून."

"असेल," पहिली म्हणाली.

"असेल?"

"मला काय माहीत? मी टिक दिली फक्त. दिसतं तुला, मला नाही." ती दार उघडून उभी राहिली. "हे बघ, मी बाजूला झाले. मला नकोय ते, दुकानपण नको आणि घुबडपण नको. पंचवीस मिनिटं आहेत. आता कुणीच घेत नाहीये. बघ दिसतंय का अजून."

आणि गेली. हे पहिलीचं नेहमीचंच, शेवटचं वाक्य पण तीच घेणार.

दुसरी फळीला पाठ लावून खाली बसली, हातात मोबाइल, साइट उघडी. बाहेर बाबा आणि काका परत सुरू झाले होते, पण आवाज उतरला होता, मधेच काकांचं "पुसायचो रे मी" ऐकू आलं.

तिनं डोळे मिटले. आधी मेडिकल. पांढरा कोट, त्यात पहिली. पहिलीला काढलं. तिनं खरंच काढलं, मनातल्या मनात, दोन्ही हातांनी, आणि कोट खुंटीला अडकवला. राहिला नुसता कोट. लोंबकळत. तिनं वाट पाहिली, काही होतंय का. काहीही झालं नाही. बेडकाचा वास तेवढा आला.

मग खुर्ची. तिथूनही पहिलीला उठवलं. पहिली काही मुकाट्यानं उठली नाही, अंगठा काचेवर ठेवूनच गेली. आता खुर्ची रिकामी, जवळपास कुणी नाही, कुणाला नकोय, फुकट घातली तरी कुणी घेत नाही. दुसरीचा जीव घाबरला. आता पोटातलं विझणार, आणि मग आपल्याकडे काहीच उरणार नाही, ना कोट ना खुर्ची. विझलं तर?

ती बघत राहिली. आणि त्या खुर्चीत ती सकाळची चिमुरडी येऊन बसली. नाक पुसत. "ढ आहे?" म्हणाली.

दुसरीचा हात आपोआप चकतीच्या उंचीवर गेला. अंधाऱ्या खोलीत, हवेत.

तिनं कोर्स निवडला, एकदा वाचला, परत वाचला आणि बटण दाबलं. मग लगेच वाईट वाटलं. ते वाटणारच होतं. पहिली डॉक्टर होणार, लोक तिला डॉक्टर म्हणणार, काकू गल्लीभर मिठाई वाटणार, आणि आपण तिच्याकडे एखादा पेशंट पाठवला की चिठ्ठीवर तिच्या नावाआधी ते अक्षर लिहावं लागणार. हे सगळं पोटात जागच्या जागी होतं. बटण दाबलं म्हणून ते कुठं जातंय?

बाहेर येऊन तिनं सांगितलं. काका काहीतरी बोलायला गेले आणि आईनं त्यांच्याकडे असं पाहिलं की त्यांनी मिठाईच तोंडात टाकली. बाबा बराच वेळ काउंटरवरच्या फ्रेमा सरळ करत राहिले, सरळच होत्या त्या.

"क्लासवाल्यांना काय सांगू?" शेवटी ते म्हणाले.

"सांगा, पोरगी ढ आहे."

बाबांना हसायचं नव्हतं. पण आजोबा इतक्या मोठ्यानं हसले, की त्यांना ठसका लागला, आणि मग पाणी आण, पाठ चोळ, साखर कुणी दिली यांना, तुम्ही दिलीत, मी कशाला देऊ, तूच आणलीस, असं करत सगळे त्यांना घेऊन वर गेले.

दुसरी टोपडं घ्यायला मागच्या खोलीत आली. पहिली तिथंच होती. तपासणाऱ्याच्या स्टुलावर, घुबडाशेजारी, आरशाकडे तोंड करून, पाठमोरी. आरशात तिचा चेहरा दिसत होता आणि आपल्याला कुणी बघतंय हे तिला ठाऊक नव्हतं. तिनं दोन्ही हात मांडीवर घट्ट धरले होते, आणि ती आरशातल्या त्या रिकाम्या खुर्चीकडे बघत होती. लहान असताना मिठाईच्या दुकानाच्या काचेतून बघतात तशी.

"निवडलंस?" आरशात दुसरी दिसल्यावर ती म्हणाली.

"हो. तू?"

"हो." पहिली परत आरशातल्या खुर्चीकडे बघायला लागली. "आमच्या बाबांना विचारलं मी मागे एकदा. ऑप्टोमेट्री घेऊ का म्हणून. म्हणाले, एवढे मार्क असताना? परत नाही विचारलं." ती हसली. चष्मा डोळ्यांवरच होता. "म्हणजे तसं काही नाही. मेडिकलपण आवडेलच मला."

दुसरी तिच्याकडे बघत राहिली. हा चेहरा तिच्या ओळखीचा होता, पण पहिलीच्या खांद्यावर तो तिनं कधी पाहिला नव्हता. सतरा वर्षं तो तिच्याच आरशात असायचा. तिला वाईट वाटायला हवं होतं. वाटलंही जरा. पण त्याच्या खालून एक ऊबदार, गोड, लाजच नसलेलं काहीतरी वर आलं आणि कानापर्यंत पोचलं.

पहिलीनं हात उचलला. चकतीला जेमतेम बोट टेकवलं.

दुसरीनं खाली पडलेलं टोपडं झटकलं, पुढे होऊन घुबडाच्या डोक्यावरून नीट खाली ओढलं आणि पहिलीचं बोट हलकेच बाजूला केलं.

"हात नको लावूस गं," ती म्हणाली. "ठसे पडतात."